तीनदा विचारायचं असतं

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. बीडच्या एका खाजगी दवाखान्यात आठ वर्षं नर्स होते, तेव्हाही पेशंटचे नातेवाईक मला बघितलं की आवाज खाली घ्यायचे. तेव्हा परदेशानं मला चिडकी केली असं कुणी म्हणू नये. परदेशानं मला थकवलं. चिडलेल्या बाईला निदान भूक लागते, थकलेलीला तीही लागत नाही.

जर्मनीतल्या त्या शहरात उतरले तेव्हा नोव्हेंबर होता. दुपारी चारला अंधार. दवाखान्यातनं मला न्यायला आलेली बाई गाडीत वाटेवरच्या चर्चचं, नदीचं काहीबाही सांगत होती. मी वर्षभर संभाजीनगरला होस्टेलवर राहून ती भाषा शिकले, परीक्षा दिली, पास झाले, आणि तिथं पोचल्यावर त्या बाईच्या बोलण्यातलं मला फक्त ‘थंडी’ कळलं. ती तर न सांगताच कळत होती.

माझं तिकडं जाणं हौसेचं नव्हतं. नवरा मोटारसायकलवरून सिरसाळ्याहून येताना अपघातात गेला, तेव्हा पोरगी तीन वर्षांची होती. बीडच्या पगारात दोघींचं आयुष्य निघत नव्हतं, आणि तिकडं नर्सा हव्यात असं तेव्हा जो तो सांगायचा. पोरगी सात वर्षांची झाली तशी तिला आईपाशी ठेवलं. आई बीडलाच असते, एकटी, साड्यांना फॉल-पिको करून देते. निघायच्या दिवशी बीडच्या स्टँडवर गाडी लागलेली, कंडक्टर ओरडतोय, आणि पोरगी माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून उभी.

‘‘एका वर्षात नेते तुला,’’ मी म्हणाले.

‘‘देवाशप्पथ?’’

‘‘देवाशप्पथ.’’

झालं, अडकले. पुढची सगळी वर्षं मी त्या एका शब्दापायी काढली.

खोली मिळाली ती दवाखान्याचीच. एक पलंग, एक टेबल, एक खिडकी, स्वयंपाकघर चौघींत एक. आईनं ज्वारीचं पीठ बांधून दिलं होतं. पहिल्या रविवारी भाकरी थापली, तव्यावर टाकली, तर धुरानं छतावरचा भोंगा असा बोंबलायला लागला की बाकीच्या तिघी अनवाणी बाहेर पळाल्या. त्यानंतर भाकरीचा विषय संपला. पीठ तसंच कपाटात राहिलं, आणि मी पाव खाऊन खाऊन बेजार झाले.

कामाचा थकवा मला नवीन नव्हता. बीडला डबल ड्युट्या केल्यात मी. पण दिवसभर परकी भाषा बोलून जबडा दुखतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे सहाची ड्युटी, दुपारी सुटले की खोलीवर यायचं आणि कोट न काढता पलंगावर बसून राहायचं. अर्धा तास नुसतं बसायचं. मग या कार्यालयाचा कागद, त्या विम्याचं पत्र. एक कागद काढायला दुसरा लागायचा आणि दुसरा काढायला पहिला. बीडच्या कचेऱ्यांना मी उगाच नावं ठेवत होते. तिथं निदान शिपाई तरी सांगतो, ‘‘ताई, उद्या या, साहेब न्हाईत.’’

फोन लावला की पोरगी पहिल्यांदा विचारायची, ‘‘किती दिस राहिले?’’ मी आकडा सांगायचे. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेननं फुल्या मारायला सुरुवात केली होती.

पोरीला आणायचं तर एक अट होती. घरात तिला राहण्याइतकी जागा आहे असा कागद. दवाखान्याची खोली त्यात बसत नव्हती. म्हणजे घर पाहिजे, दोन खोल्यांचं, मला परवडेल असं. आणि त्या शहरात घर मिळणं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी सुट्टीच्या दिवशी घरं बघत हिंडायचे. एका एका घरासाठी जिन्यात वीस वीस माणसं उभी, हातात कागदांचे गठ्ठे. परत कुणाचं उत्तर यायचं नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण सगळा घोटाळा तिच्यातच झाला. आमच्याकडं कुणी काही दिलं की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. भूक असो नसो. ते पहिलं ‘नको’ म्हणजे जेवायच्या आधी हात धुतो ना, तेवढंच. मग देणाऱ्यानं म्हणायचं, ‘‘अवो घ्या की.’’ आपण म्हणायचं, ‘‘न्हाई, आत्ताच झाला.’’ मग देणारा रागाला येतो, ‘‘कावून, आमच्या घरचा चालत न्हाई का?’’ मग आपण म्हणायचं, ‘‘बरं, अर्धाच द्या,’’ आणि पूर्ण कप प्यायचा. ईदला शेजारच्या चाची शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायच्या, तेव्हा दारात त्यांची आणि आईची अशी ओढाताण चालायची की नवख्याला भांडण वाटावं. डबा शेवटी आमच्या ओट्यावरच यायचा, आणि तो येणार हे पहिल्यापासून दोघींना माहीत असायचं. पहिल्याच शब्दाला ‘हो’ म्हणणारा हावरा, आणि एकदाच विचारून गप बसणाऱ्याच्या मनात द्यायचं नसतं. हे आम्हाला कुणी शिकवत नाही.

तिकडं पहिल्याच आठवड्यात याचा हिसका बसला होता. वॉर्डात कुणाचा तरी वाढदिवस, तिनं घरून केक आणलेला. ताट माझ्यापुढं आलं. मी पहाटेपासून उपाशी, पोटात कावळे कोकलत होते, तरी म्हणाले, ‘‘नको, थँक यू.’’ ताट पुढं गेलं. गेलं ते गेलंच. मी ताटाकडं बघतेय, शेवटचा तुकडा उचलला गेला, कुणी माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. मनात म्हटलं, काय माणसं आहेत! केकवर भागलं म्हणून मी त्यातनं काही शिकले नाही.

साधारण दहा महिने झाले असतील. आमच्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर पन्नाशीच्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. कामात कडक, पण पोटात एक आणि ओठात एक असलं काही नाही. एका सकाळी औषधांची ट्रॉली लावता लावता त्या मला म्हणाल्या, ‘‘माझी मावशी वृद्धाश्रमात राहायला जातेय. तिचं घर रिकामं होतंय. दोन खोल्या आहेत, इथून चालत दहा मिनिटं. मुलीसाठी तुला घर पाहिजे ना? घरमालकाशी बोलू का?’’

मला एवढा आनंद झाला की हातातली बाटली मी भलत्याच खणात ठेवली. आणि तोंडातनं काय निघालं?

‘‘नको, नको! तुम्ही कशाला माझ्यासाठी त्रास घेता.’’

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या, आणि ट्रॉली ढकलत निघून गेल्या.

मी तिथंच उभी. मला वाटलं, फेरी संपवून येतील आणि पुन्हा विचारतील. मग मी म्हणेन, अहो उगाच कशाला, आणि त्या म्हणतील, अगं त्यात काय. दुपारपर्यंत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी कॉफी नेऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी उगाच रेंगाळले. चौथ्या दिवशी त्यांच्यासमोर दुसऱ्या नर्सला मोठ्यानं सांगितलं की घर काही मिळत नाही बाई. त्यांनी मान हलवली, खरंच वाईट वाटल्यासारखी. स्वतःहून तोंड उघडून मागणं मला जमलं नाही. आपणच नको म्हटलेलं परत मागायचं कसं? आणि मनात ते होतंच, की यांना खरंच द्यायचं असेल तर विचारतील.

तीन आठवड्यांनी वॉर्डातल्या एका पोरीनं डब्यात केक आणला. नव्या घराचा. दोन खोल्या, चालत दहा मिनिटं.

मी सिस्टरांच्या खोलीत गेले. रागात दारही वाजवलं नाही. म्हणाले, ‘‘ते घर तुम्ही मला सांगितलं होतं.’’

‘‘हो. तू नको म्हणालीस.’’

‘‘म्हणाले. पण आमच्याकडं...’’ आणि मी त्या मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं. पहिलं नको, दुसरं नको, अर्धा कप चहा, शीरखुर्म्याचा डबा. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खुर्चीत बसल्या.

‘‘म्हणजे तुला ते घर हवं होतं?’’

‘‘हो.’’

‘‘मग मला ते कसं कळणार होतं?’’

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना ते खरंच समजून घ्यायचं होतं. मला रडू आलं ते त्यामुळंच. समोरची लबाड असती तर मी कडाकडा भांडले असते आणि मोकळी झाले असते. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, माझं तर माझ्या जिभेनंच नेलं.

वर्ष पुरं झालं त्या दिवशी पोरीनं व्हिडिओ कॉलवर आकडा विचारला नाही. नुसती म्हणाली, ‘‘झालं की वर्ष.’’

‘‘कागद अडकलाय, बाळा.’’

‘‘देवाशप्पथ म्हणली होतीस.’’ आणि तिनं फोन आजीच्या हातात दिला. भिंतीवरचं कॅलेंडर मागं दिसत होतं, फुल्या संपलेल्या. त्यानंतर तिनं ‘किती दिस राहिले’ हे पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं होतं. लेकरू रागावलं की समजूत घालता येते. समजूतदार झालं की काय करायचं?

मग मी शिकले. कुणी खुर्ची दिली, हो. केक दिला, हो. ड्युटी बदलून देऊ का, हो. पहिल्या पहिल्यांदा तो शब्द तोंडातनं काढायला जड जायचं, मग सवय झाली. दुसरी गोष्टही शिकले, ती मात्र मला कामावर शिकवली गेली. एक म्हातारे पेशंट सूप नको म्हणाले. मी आपल्या सवयीनं म्हटलं, थोडं घ्या की. नको. अहो दोन चमचे. त्यांनी तक्रार केली, ही बाई छळते. सिस्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, ‘‘माणूस नको म्हणाला की नको. त्याचं ऐकणं हे आपलं काम आहे.’’ बरोबरच होतं त्यांचं. त्यानंतर मी एकदाच विचारायला लागले. चहा हवाय? नको. बरं. खरं सांगते, सोयीचं वाटलं. थकलेल्या माणसाला एकदाच विचारणं परवडतं.

घर मिळायला अजून सव्वा वर्ष गेलं. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, स्वयंपाकघरात एक माणूस उभा राहिला तर दुसऱ्यानं बाहेर थांबावं एवढं. घरमालकाचं वाक्य संपायच्या आधी मी हो म्हणाले. पोरीसाठी छोटा पलंग आणला, शनिवारभर बसून स्वतः जोडला. दोन स्क्रू उरले. ते कुठले हे अजून कळलेलं नाही. तिकडं आई पोरीला घेऊन दोनदा व्हिसाच्या कामाला मुंबईला जाऊन आली, मशीन बंद ठेवून. दर संकष्टीला लिंबागणेशला जायची आणि गणपतीला सांगायची, लेकराचा कागद लवकर होऊ दे. जे लेकरू तिच्या कुशीत झोपतं ते जावं म्हणून तीच नारळ फोडत होती. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

पोरीचा व्हिसा झाला त्या दिवशी मी ड्युटीवरून आले आणि जिना चढून दम लागलेला असतानाच व्हिडिओ कॉल लावला. पोरगी खाटेवर बसलेली, दहा वर्षांची. मागं आई मशीनवर. तोवर पोरीला असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. कागद तिचे, सह्या माझ्या, धावपळ आईची.

‘‘मग, येतेस ना माझ्याकडं?’’

मशीनचा आवाज थांबला. पोरीनं खाली बघितलं आणि म्हणाली, ‘‘नको.’’

आणि मी म्हणाले, ‘‘बरं. तुझी इच्छा नसली तर माझी जबरदस्ती नाही.’’

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग काहीतरी झालं, नेट गेलं का तिनंच ठेवला, कळलं नाही.

मी रडले, हे सांगायला नकोच. पण जे सांगू नये तेही सांगते. रडता रडता कुठंतरी हलकं वाटलं. आता तिची शाळा नाही, तिची भाषा नाही, पहाटे पाचला निघताना झोपलेल्या लेकराकडं बघायचं नाही. मी तिच्या इच्छेचा मान राखला म्हणून स्वतःला शाबासकीही दिली. आणि नऊ दिवस त्या रिकाम्या पलंगावर वाळलेले कपडे टाकत राहिले. रोज फोन करत होते. जेवलीस का, अभ्यास झाला का, एवढंच.

दहाव्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी सकाळी आईचाच फोन आला.

‘‘काय गं, तुला काय झालंय काय?’’

‘‘मला काय होतंय?’’

‘‘लेकराला एकदाच विचारतेत व्हय?’’

‘‘ती नको म्हणाली, आई. तू होतीस की तिथं.’’

‘‘मी होते म्हणूनच म्हणली ना ती! माझ्यासमोर ‘हो हो’ करून उड्या मारंल व्हय ती? एवढी बेशरम वाढवली न्हाई मी तिला. नऊ दिस झाले, बॅग भरून खाटंखाली ठिवलीय. रोज काढती, बघती, परत ठिवती. मला वाटलं आज विचारशील, उद्या विचारशील. तर तू विचारती काय, जेवलीस का! अगं, तिकडं जाऊन अशी कशी झालीस तू?’’

सिस्टरांची ट्रॉली डोळ्यांपुढून गेली. मी जे भोगलं तेच माझ्या लेकरापुढं वाढून ठेवलं होतं, आणि वर शाबासकी.

‘‘तिला दे फोन,’’ मी म्हणाले.

‘‘फोनवर न्हाई. लेक न्यायची तर माणूस दारात येतंय.’’

दुसऱ्या दिवशी सिस्टरांकडं दोन आठवड्यांची रजा मागितली. ‘‘हवीच आहे का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘हो,’’ मी म्हणाले. त्यांनी सही केली.

बीडला पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. दार पोरीनं उघडलं. माझ्या खांद्याला लागत होती. गळ्यात पडेल वाटलं होतं, पण पाहुण्याला करावं तसं तिनं बाजूला होऊन मला आत घेतलं आणि तांब्याभांडं आणून पुढं केलं. घशाला कोरड पडलेली, तरी इतक्या वर्षांनी आपल्या घरात पाऊल पडलं आणि तोंडातनं आपोआप निघालं, ‘‘नको गं.’’

‘‘घे की,’’ ती म्हणाली. ‘‘लांबून आलीस.’’

मी घटाघटा प्याले.

जेवणं झाली. आई मशीनपाशी एक साडी मांडीवर घेऊन बसली, सुई मात्र तिला ओवता येत नव्हती. मी पोरीला विचारलं, ‘‘येतेस ना माझ्याकडं?’’

‘‘नको,’’ ती आजीकडं बघत म्हणाली.

‘‘चल की गं.’’

‘‘नको. शाळा हाय माझी.’’

‘‘मी तुला न्यायलाच आलेय. तुला घेतल्याबिगर मी जात नसते.’’

ती फरशीवरच्या दोऱ्याच्या तुकड्याशी पायाच्या अंगठ्यानं खेळत होती. मग म्हणाली, ‘‘आजी येती का?’’

आजीला न्यायचा कागद निघत नाही. मी माहिती काढली होती, तसा रस्ताच नाही. पण असं असलं तरी विचारायचं असतं. मी आईकडं वळले.

‘‘आई, तूही चल.’’

‘‘मी कुठं येते बाई तिकडं. नको.’’

‘‘चल की. तिघी राहू.’’

‘‘नको. माझी मशीन कोण बघंल? गिऱ्हाइकं हायेत.’’

‘‘आई, खरंच चल.’’

‘‘नको म्हणलं ना गं! ती थंडी मला सोसायची न्हाई.’’ आणि पोरीकडं बघून म्हणाली, ‘‘ऊठ, आण ती बॅग. बघू काय काय भरलंय, का नुसतीच चिंचा-बोरं भरलीत.’’

पोरगी उठली. खाटेखालून बॅग ओढताना हसत होती, आणि हसू आजीला दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडं केलं होतं. मला वाटलं, सुटलो तिघीही. पहिलं ‘नको’ रीतीचं, दुसरं मानाचं, तिसरं मात्र खरं असतं, असं मी जन्मभर मानत आले होते.

आठवड्यानं आम्ही निघालो. त्याच स्टँडवर, आई खिडकीखाली उभी. गाडी हलली तसा तिनं हात वर केला आणि लगेच पदर सावरायला खाली घेतला. गाव मागं पडेपर्यंत पोरगी खिडकीला नाक लावून होती. मग माझ्याकडं वळली.

‘‘आई, आजीला थंडी चालती.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मुंबईला गेलतो ना आमी, तवा खिडकीतल्या बाईला तिनं विचारलं. माझे कागद देऊन झाल्यावर. म्हणली, ‘माझा कागद निघंल का वो पोरीसंगं?’ ती बाई म्हणली, ‘नाही.’’’

मला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. ‘‘मग? परत नाही विचारलं आजीनं?’’

‘‘न्हाई,’’ पोरगी म्हणाली. ‘‘एकदाच.’’